कै. विद्याताई बाळ यांचे पुण्यस्मरण



स्त्रियांना क्रूरपणे वागविणे हा गुन्हा होय, असा कायदा राजर्षी शाहू छत्रपतींनी या करवीर संस्थानात १९१९ सालीच केला. तथापि घरातील मारहाण आजही घरातच झाकली जाते. १९८२ साली विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी पुणे हादरले, तेव्हा विद्याताईंनी सहकाऱ्यांसह नारी समता मंच उभारला. पीडितेला मन मोकळे करता यावे, म्हणून मंचाने ‘बोलते व्हा’ केंद्र चालविले. ३० जानेवारी २०२० रोजी विद्याताई निवर्तल्या.

आपल्या ज्ञातीतील एखादी लेक रडत माहेरी आली, तर ‘पदरी पडले, पवित्र झाले’ असे सांगून तिला परत धाडू नका. आधी तिचे ऐका. विद्याताईंचे ऋण फेडण्याचा मार्ग तोच होय.