काळ्या जमिनीतलं जस्त आणि बापपण

आपल्या वऱ्हाडात लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आधी सुनेला दवाखान्यात नेतात. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी मात्र सगळ्यात शेवटी, नाहीतर होतच नाही. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णपणे किंवा काही अंशी पुरुषाकडे असतं. हे भर सभेत बोललंच पाहिजे, म्हणून मी आज शुक्राणूंशी थेट नातं असलेलं जस्त, म्हणजे झिंक, हा विषय घेतला.

१९५८ साली इराणमधल्या शिराझ शहरात बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१, दिसायला दहा वर्षांचा. दाढी-मिशी नाही, जननेंद्रियांची वाढ नाही. खाणं म्हणजे जवळजवळ नुसती रोटी, शिवाय माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांवर अभ्यास झाला, तेव्हा जस्ताची कमतरता सिद्ध झाली. जस्त दिल्यावर मुलं उंच झाली, वयात आली. धान्य पोटभर असूनही असं का व्हावं? कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं आणि आतडं ते शोषू शकत नाही.

१९८० साली याहून थेट पुरावा मिळाला. पाच पुरुष स्वयंसेवकांना काही महिने मुद्दाम कमी जस्ताचा आहार दिला. चौघांची शुक्राणूंची संख्या घसरली, आणि जस्त पुन्हा सुरू केल्यावर हळूहळू भरून आली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा सुधारणाही सावकाशच होणार. वीर्यातलं बरंचसं जस्त प्रोस्टेट ग्रंथीतून येतं आणि शुक्राणूतला डीएनए घट्ट बांधून ठेवायला मदत करतं.

आता आपल्या शिवारात या. अकोला-अमरावतीची काळी जमीन चुनखडीयुक्त, तिचा सामू बहुधा आठच्या वर. अशा मातीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर त्याहून अवघड. ज्वारीच्या कोवळ्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पट्टा दिसला, तर जस्ताच्या कमतरतेची शंका घ्यायची, माती परीक्षण करायचं आणि गरज असेल तर शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट द्यायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आणली; तिच्या किलोभर दाण्यांत सुमारे ३२ मिलिग्रॅम जस्त असतं, नेहमीच्या ज्वारीत सुमारे २०. शेतकऱ्याच्या घरचं पोषण बियाण्यापासून सुरू होतं, हे माझं ठाम मत आहे.

पण यावरून वऱ्हाडातले पुरुष जस्ताअभावी बाप होत नाहीत, असं कुणी म्हणू नये. प्रौढ पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम जस्त लागतं, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, तीळ, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, आणि चालत असेल तर अंडी-मटण, अशा ताटातून बरंच जस्त मिळतं. कडधान्य भिजवलं, मोड आणले किंवा पीठ आंबवलं, की फायटेट कमी होतं. आपल्या बाया हे कधीपासून करत आल्या आहेत!

मग गोळ्या? २०२० साली अमेरिकेतल्या २,३७० पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि सोबत फॉलिक अॅसिड दिलं, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. पहिल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, दुसऱ्यात ३५ टक्के. उलट जस्त घेणाऱ्यांना पोटाचा त्रास जास्त. भरपूर जस्त दीर्घकाळ घेतलं तर तांबं शोषलं जात नाही आणि रक्त कमी होतं. ज्याला कमतरता आहे, त्याला जस्त द्यावंच. बाकीच्यांनी महागडे डबे घेऊन महिने वाया घालवू नयेत, कारण तेवढ्यात बायकोचं वय पुढे सरकतं.

आणखी एक. चौकात प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून खर्रा करतात ना, त्या तंबाखूत कॅडमियम असतं. ते शरीरात जस्ताची जागा घेतं आणि वृषणांना इजा करतं. सकाळी जस्ताची गोळी आणि दिवसभर खर्रा, हे जमणार नाही.

वीर्याच्या तपासणीसाठी दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा. अहवाल वाईट आला तर घाबरायचं नाही; काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का, जुना संसर्ग आहे का, संप्रेरकं ठीक आहेत का, हे डॉक्टर पाहतात. आणि पहिल्याच भेटीला दोघांनी सोबत जायचं. सासूबाईंनीही लेकाला तसंच सांगायचं.