‘अभावा’चे शास्त्र आणि संगणकाची भाषा

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित सारांश)



मी पत्रकार आहे आणि कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकाची आज्ञावली मी आजवर कधी लिहिलेली नाही. तरीही आजचा विषय मी आनंदाने स्वीकारला. संगणकाला पहिली आज्ञा देण्यापूर्वी माणसाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, आणि तो प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे. जगात काय काय आहे, आणि जे आहे ते कोणकोणत्या प्रकारचे आहे? पाश्चात्त्य परंपरेत या चिंतनाला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. आपल्याकडे त्याचे नाव पदार्थविचार.

महर्षी कणादांच्या वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर दिले. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ प्रशस्तपादांच्या ग्रंथात मांडलेले आहेत. पुढे ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मान्य झाला. शिवादित्यांच्या ग्रंथाचे तर नावच ‘सप्तपदार्थी’ आहे.

आता नॉर्वेकडे वळू. तेथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोन संशोधकांनी 1967 मध्ये ‘सिम्युला 67’ ही संगणकभाषा सिद्ध केली. त्यांना जहाजे, रांगा, कारखाने अशा व्यवस्थांची प्रतिकृती संगणकात उभी करायची होती. नुसत्या आकडेमोडीच्या भाषेत ते नीट जमेना. म्हणून त्यांनी ‘वर्ग’ आणि त्या वर्गातील ‘वस्तू’ यांची कल्पना भाषेतच आणली. वस्तूला गुण असतात, तिच्याकडून क्रिया घडतात आणि ती एका सामान्य वर्गात मोडते. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य! या दोघांनी कणाद वाचले होते, असा दावा मी करणार नाही. परंतु जगाची नीट मांडणी करू पाहणारी बुद्धी कोणत्याही देशात त्याच प्रश्नांपाशी येऊन थांबते, एवढे यातून निश्चित दिसते.

साम्य एवढ्यावर संपत नाही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘जातिबाधक’ सांगितले, म्हणजे कोणत्या धर्माला जाती मानता येत नाही याचे निकष. येथे जाती म्हणजे समाजातील जात नव्हे, तर ‘सामान्य’. त्यांपैकी एक निकष ‘संकर’ हा आहे. भूतत्व आणि मूर्तत्व हे दोन धर्म घ्या. पृथ्वीत दोन्ही आहेत. आकाश भूत आहे, पण मूर्त नाही. मन मूर्त आहे, पण भूत नाही. असे एकमेकांना छेदणारे दोन्ही धर्म जाती म्हणून मानले, तर वर्गीकरणाची चौकट मोडते. म्हणून ‘उपाधी’ ही वेगळी कोटी मानावी लागली. संगणकभाषांनाही हाच पेच पडला. एका वर्गाला दोन पितृवर्ग द्यावेत का? ‘सी प्लस प्लस’ने परवानगी दिली आणि गुंतागुंत पत्करली. 1995 मध्ये आलेल्या ‘जावा’ने पितृवर्ग एकच ठेवला आणि इतर समान धर्मांसाठी ‘इंटरफेस’ ही वेगळी सोय केली. प्रश्न तोच आणि उत्तराची दिशाही तीच.

परंतु मला आज विशेष बोलायचे आहे ते सातव्या पदार्थाविषयी. ‘नाही’ याला पदार्थ कसे म्हणायचे, असे आपल्याला वाटते. आपल्या रक्तदान शिबिराची यादी डोळ्यांसमोर आणा. नाव, वय, रक्तगट, औषधाची ॲलर्जी असे रकाने आहेत. एका नावापुढे ॲलर्जीचा रकाना कोरा आहे. याचा अर्थ काय? ॲलर्जी नाही? विचारलेच नाही? की विचारले, पण लिहायचे राहिले? कागदाला तिन्ही सारखेच. पण त्या माणसाला उद्या रुग्णालयात नेले, तर या तीन अर्थांत जीवन-मरणाचे अंतर आहे.

संगणकात या कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये ‘अल्गॉल डब्ल्यू’ या भाषेत ‘नल’ आणले, कारण ते करणे सोपे होते. 2009 मध्ये त्यांनीच जाहीरपणे ती आपली अब्जावधी डॉलरची चूक असल्याचे सांगितले. माहितीच्या कोठारांतही तेच घडले. रक्तगटाचा रकाना कोरा असलेल्या माणसाचे नाव ‘ओ पॉझिटिव्ह कोण?’ या प्रश्नाला येत नाही आणि ‘ओ पॉझिटिव्ह नसलेले कोण?’ या प्रश्नालाही येत नाही. जिवंत माणूस दोन्ही याद्यांतून नाहीसा होतो! या कोठारांचा सिद्धान्त 1970 मध्ये मांडणारे एडगर कॉड यांनी पुढे स्वतःच सुचवले की, ‘माहिती आहे पण हाती नाही’ आणि ‘ती येथे लागूच नाही’ या दोन अभावांना वेगळ्या खुणा असाव्यात.

आपल्या नैयायिकांनी अभाव एवढ्या सहजपणे सोडून दिला नव्हता. ते विचारतात, अभाव कशाचा? तो ‘प्रतियोगी’. अभाव कोठे? तो ‘अनुयोगी’. ‘नुसते नाही’ असे काही नसतेच. जमिनीवर घटाचा अभाव असतो. शिवाय त्याचे प्रकार आहेत. अजून झाले नाही, तो प्रागभाव. होते, पण नष्ट झाले, तो प्रध्वंसाभाव. येथे कधीच नसते, तो अत्यंताभाव. हे ते नव्हे, तो अन्योन्याभाव. आता आपल्या यादीकडे पुन्हा पाहा. तपासणी व्हायची आहे, तो पहिला प्रकार. झालेली नोंद पुसली गेली, तो दुसरा. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची नोंद एक झाली, तर आपण अन्योन्याभाव विसरलो. आज ‘रस्ट’, ‘स्विफ्ट’, ‘कोटलिन’ या नव्या भाषा ‘येथे मूल्य नसू शकते’ हे प्रोग्रामरला आधीच स्पष्ट लिहायला लावतात. म्हणजेच अभावाची दखल घ्यायला लावतात.

आणि हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. 1968 मध्ये मेल्विन कॉन्वे यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. एखादी संघटना जी व्यवस्था घडवते, तिच्या रचनेत त्या संघटनेतील परस्परसंवादाची रचना उमटते. तो कोरा रकाना कोठून आला? यादी आखणाऱ्याने डॉक्टरांना विचारले नाही आणि यादी भरणाऱ्याला रकान्याचा हेतू कोणी सांगितला नाही. जेथे माणसांत संवाद नव्हता, तेथे कागदावर पोकळी राहिली. कार्यकर्त्याने हे मनावर कोरून ठेवावे.

आता थोडे कटू बोलतो. ‘संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने सांगितले आहे’, हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून अनेकदा उच्चारले जाते. नासाने असे काही सांगितलेले नाही. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने 1985 मध्ये ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरणांनी वाक्यार्थाचे केलेले विश्लेषण संगणकातील ज्ञानमांडणीशी जुळते, हे त्याचे प्रतिपादन. त्यात दाखला आहे तो काशीत राहिलेल्या महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्टांचा. खरी गोष्ट केवढी अभिमानास्पद आहे! पण नागेशभट्टांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही. नासाचे मात्र पाठ आहे. परकीय प्रमाणपत्राची ही भूक म्हणजे स्वाभिमान नव्हे, ती आत्मविस्मृतीच आहे. आणि एखादा चिकित्सक विद्यार्थी जेव्हा मूळ लेख शोधून वाचतो, तेव्हा त्याचा आपल्यावरचाच नव्हे, पाणिनीवरचाही विश्वास डळमळतो. असत्याने परंपरेची सेवा होत नाही.

सेवा कशी होते? आयआयटी कानपूरच्या ‘अक्षर भारती’ गटाने पाणिनीची कारकव्यवस्था भारतीय भाषांच्या यंत्रविश्लेषणासाठी वापरली आणि 1995 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या डॉ. सरोजा भाटे यांनी सुभाष काक यांच्यासह पाणिनी आणि संगणकशास्त्र यांवर शोधनिबंध लिहिला. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेला आहे. आपल्या घराघरांत आज संगणक अभियंते आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिला?

माझी विनंती छोटी आहे. एका अभियंत्याने आणि एका शास्त्रीबुवांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे. एकाने आपला अडलेला प्रश्न मांडावा, दुसऱ्याने पंक्ती लावून दाखवावी. जुळेल ते घ्यावे, न जुळेल ते मोकळेपणाने न जुळणारे म्हणावे. कारण जे आहे त्याला ‘आहे’ आणि जे नाही त्याला ‘नाही’ म्हणणे, हाच पदार्थविचाराचा पहिला संस्कार आहे.

 भारतमाता की जय!