कलमं मागवताना: पावती कुणाच्या नावाची?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शेतकरी बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'रोपवाटिकेची निवड' हा विषय पाहून सकाळी दोघी-तिघींनी मला विचारलं, की ताई, हा विषय तर कृषी खात्याचा, तुम्ही कशाला? पोटगी आणि सातबारा यांवर बोलणारी बाई एकदम आंब्याच्या कलमांवर कशी आली? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल.

धुळे जिल्ह्यातल्या आपल्या एका गटात एक बाई आहे. नाव सांगत नाही, तिनंच तसं सांगितलंय. नवरा गेल्यावर तीन वर्षं तलाठ्याकडे खेटे घालून तिनं वारसनोंद करून घेतली आणि सव्वा एकर जमीन स्वतःच्या नावावर आणली. त्या लढाईत मी तिच्याबरोबर होते. मग तिनं ठरवलं, दरवर्षी कापसाचा जुगार खेळण्यापेक्षा केसर आंबा लावायचा. गटाचं कर्ज काढलं. आणि कलमं कुठून आणायची, असं तिनं विचारलं तेव्हा एका अंकातल्या जाहिरातीचा फोन नंबर मी तिला दिला. जाहिरात रंगीत होती, 'घरपोच' लिहिलं होतं. एवढंच मी पाहिलं.

ही २०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. फोनवर बोलणी झाली, पूर्ण पैसे आगाऊ गेले, आणि रात्री अकरा वाजता टेम्पोनं दोनशे कलमं फाट्यावर उतरवली. उतरवून घ्यायला दीर गेला, कारण रात्री फाट्यावर बाईमाणसानं कसं जायचं! टेम्पोवाल्यानं एक कच्ची चिठ्ठी दिली. तिच्यावर दिराचं नाव, 'आंबा २००', आणि खाली रक्कम. केसर हा शब्दसुद्धा नव्हता.

पाच वर्षं तिनं ती झाडं वाढवली. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घातलं. २०२१ ला फळं धरली तेव्हा निम्म्याहून जास्त झाडांना केसर नव्हताच. कुठे लांबट, कुठे गोल, कुठे नुसता दोरा. कोयीपासून उगवलेला गावरान आंबा. आम्ही त्या रोपवाटिकेला फोन केला, तर मालक म्हणाला, खालचा खुंट फुटला असेल, तुम्ही छाटला नाही, यात आमचा काय दोष? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही कोण? आमच्या वहीत तर भाऊंचं नाव आहे.

तेव्हा ती बाई चिठ्ठी हातात धरून मला म्हणाली, "ताई, मन्हं नाव कोठे शे?" सातबारावर नाव चढवायला तीन वर्षं लढलेली बाई, पाच वर्षांच्या मेहनतीच्या कागदावर कुठेच नव्हती. म्हणून हा विषय आपला आहे.

आता मालकाचं म्हणणं अगदीच खोटं होतं का? नाही, आणि तेही समजून घेतलं पाहिजे. कलमाच्या झाडात दोन झाडं असतात. खाली खुंट, तो गावरान कोयीतून उगवलेला. वर कलमकाडी, ती चांगल्या जातीच्या मातृवृक्षाची. दोन्हींचा सांधा जुळला की वरचा भाग वाढतो. पण सांध्याच्या खालून फूट आली आणि ती काढली नाही, तर ती जोरात वाढते, वरचा भाग मरतो, आणि आपल्याला वाटतं झाड कसं छान वाढलंय. आमच्या काही झाडांत तसंच झालं होतं, सांध्याची खूण सापडली आणि तिच्या वर वाळका ठोंब. पण बऱ्याच झाडांना सांधाच नव्हता. ती कलमं नव्हतीच, साधी रोपं होती. गाडी उतरली त्या सकाळी कुणी एकेक बुंधा हातात धरून पाहिला असता, तर पाच वर्षं वाचली असती. जमिनीपासून वीतभर वर तिरका, पाचरीसारखा वण दिसतो, बहुधा प्लॅस्टिकच्या पट्टीची खूणही असते. ते पाहायला कृषी पदवी लागत नाही.

या प्रकरणानंतर मी विचारत फिरले. कृषी सहायकाला, विद्यापीठाच्या लोकांना, बायकांना, आणि रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या मजूर बायकांनाही. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त कळलं, कारण कोणती काडी कुठून येते हे त्यांच्या डोळ्यांदेखत होतं.

पहिली गोष्ट, फळरोपवाटिकांचं आणि कलमांच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा आपल्या राज्यात १९६९ पासून आहे. फळझाडांची कलमं विकायची तर कृषी खात्याचा परवाना लागतो. तेव्हा फोनवरचा पहिला प्रश्न भावाचा नको, परवान्याचा हवा. 'परवान्याचा फोटो पाठवा' म्हणायचं, आणि त्यावर मुदत कुठवर आहे ते बघायचं. याशिवाय राष्ट्रीय बागवानी मंडळ काही रोपवाटिकांना तारांकित मानांकन देतं. तेही ठरावीक मुदतीचं आणि ठरावीक पिकांचं असतं. डाळिंबाचं मानांकन दाखवून आंबा विकणारे आहेत, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न, मातृवृक्ष कुठे आहेत? ज्याच्याकडे स्वतःची केसरची जुनी झाडं आहेत तो सांगतो, या आणि बघा. ज्याच्याकडे नाहीत तो विषय बदलतो. असे कित्येक 'रोपवाटिकावाले' खरे दलाल असतात. चार ठिकाणचा माल गोळा करतात, चिठ्ठी स्वतःची लावतात. मला तरी फोनवरचा माणूस ओळखायची याहून चांगली खूण सापडलेली नाही.

इथे एक फरक सांगते. युरोप-अमेरिकेत फळझाडं टपालानं मागवायची जुनी रीत आहे, ती तिथल्या हवेमुळे जमते. सफरचंद, पेअर ही झाडं हिवाळ्यात पान गाळून झोपतात. त्या झोपेत ती मातीशिवाय, नुसत्या मुळांनिशी गुंडाळून पाठवता येतात. आपला आंबा, लिंबू, मोसंबी झोपत नाहीत. त्यांना मातीच्या गोळ्यासकट पिशवीतच यावं लागतं. प्रवासात गोळा फुटला की बारीक मुळं तुटतात, सांध्याला हिसका बसतो. म्हणून आपल्याकडे 'घरपोच' हा शब्द जितका लांबचा, तितका धोक्याचा. आणि जळगावच्या मे महिन्यात तर कलमं मागवूच नका. पाऊस पडून हवा थंडावली की मागवा, आणि आल्याबरोबर लावण्याची घाई न करता आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

शक्य असेल तर जवळचं बघा. तालुक्याची शासकीय फळरोपवाटिका, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केंद्रं, कृषी विज्ञान केंद्रं. साई सरबती, फुले शरबती या लिंबाच्या जाती त्याच विद्यापीठाच्या. तिथे माल कमी असतो, नोंदणी आधी करावी लागते, आणि कर्मचारी नेहमी गोड बोलतातच असं नाही. पण काडी कुठली हे तिथे विचारता येतं. शिवाय भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना किंवा रोजगार हमीतून लागवड करायची असेल, तर परवाना किंवा मान्यता असलेल्याच ठिकाणची कलमं आणि पक्की पावती हवी.

लिंबाचा विषय निघाला म्हणून एक सांगते. कागदी लिंबाचं रोप बियांपासून केलेलं असलं तरी घाबरू नका. त्याच्या एका बीतून अनेक अंकुर येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच निघतात. मोसंबी मात्र रंगपूर किंवा जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलीच घ्या, आणि डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा, नाहीतर ओल लागून बुंधा सडतो. बोरीचं तर मी म्हणेन मागवूच नका. रानबोरीवर जागच्या जागी डोळे भरता येतात, मेहरूणची बोरं याच मातीतली. आपल्या गटातल्या चौघी डोळा भरायला शिकल्या आहेत. पूर्वी हे काम गडीमाणसांचंच समजत. मी पाहिलेल्या रोपवाटिकांत पिशव्या भरणं, पाणी, खुरपणी हे बायकांकडे रोजानं, आणि कलम बांधणं पुरुषांकडे नगावर, जास्त पैशांत. या वाटणीवर एकदा स्वतंत्र बोललं पाहिजे.

केळीवाल्या बायका रावेर-यावलहून आल्या आहेत, त्यांच्यासाठी. आपल्याकडे १९९० च्या दशकात जैन इरिगेशनची ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपं आली आणि केळीचं चित्र बदललं. तेव्हापासून 'टिश्यूचं आहे' म्हटलं की आपण डोळे मिटतो. पण ज्या कंदापासून रोपं केली त्यात विषाणू असेल तर प्रयोगशाळेत त्याचीच हजारो रोपं होतात. तुम्ही ज्याला 'हरण्या' म्हणता, तो कुकुंबर मोझॅक विषाणू अशा रोपांतूनही येतो आणि पुढे मावा पसरवतो. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ पासून टिश्यूकल्चर रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. प्रयोगशाळेला मान्यता आणि रोपांच्या तुकडीला विषाणू-तपासणीचं प्रमाणपत्र, दोन्ही मागा. पुढे मागवलेली रोपं काकडी, भोपळ्याच्या वेलांशेजारी लावू नका.

पेरू आणि डाळिंब घेणाऱ्यांनी एक रोप बळी द्यावं. पिशवी फाडून मुळं बादलीत धुवायची. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, आणि तो माल परत. एकदा तो वावरात शिरला की जात नाही. मुळं पिशवीच्या तळाशी गोल वेढे घेऊन बसलेली असतील तर ते रोप पिशवीत म्हातारं झालंय, उंची बघून भुलू नका. डाळिंबाच्या पानांवर तेलकट डाग असले तर तेल्या आपण पैसे देऊन घरी आणतो.

मोबाइलवरच्या जाहिरातींवर फार वेळ घालवत नाही. निळी सफरचंदं, पहिल्याच वर्षी लगडणारा आंबा, लाखमोलाचा जपानी मियाझाकी. १९९० च्या दशकात सागवानाच्या कंपन्यांनी मध्यमवर्गाला असंच गुंडाळलं होतं, त्यानंतर १९९९ मध्ये सेबीला नियम करावे लागले. 'झाडं आम्ही देतो, फळंही आम्हीच विकत घेतो' असं कुणी म्हटलं की आधी करार मागा. त्याच्या फळखरेदीचा कागद नसेल तर तो फक्त रोपं विकायला आलाय.

आता पैशांचं. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. आणि द्यायचे ते रोपवाटिकेच्या नावाच्या खात्यात, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. 'रोपांवर जीएसटी नाही म्हणून पावती नाही' असं सांगतात. रोपांवर जीएसटी लागत नाही हे खरं, म्हणून पावती देता येत नाही हे खोटं. पावतीवर जात, खुंट, नग, वय, परवाना क्रमांक हवा. आणि नाव तुमचं. दिराचं नाही, पोराचं नाही, गटाच्या सचिवाचंही नाही. गाडी रात्री येणार असेल तर दिवसा पाठवा म्हणून सांगा, आणि चौघीजणी मिळून जा.

कायद्यात खरेदी करणाऱ्याच्या संमतीनं माल वापरणारीही ग्राहक धरतात. पण ती संमती होती हे आयोगापुढे सांगणार कोण? दीरच ना! आमच्या बाईच्या दिरानं सरळ सांगितलं, मला कोर्टाच्या भानगडीत पाडू नका. वाईट माणूस नाही तो. पण तिचा दावा तिथेच संपला.

नाहीतर कायदा आता बराच आपल्या बाजूचा आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. २०१९ चा ग्राहक कायदा २०२० मध्ये लागू झाल्यापासून, विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. लांबून माल मागवणाऱ्या बाईला यासारखी दुसरी सोय नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि आंबा फळायला चार-पाच वर्षं घेतो. विकणारा म्हणणार, मुदत विक्रीच्या दिवसापासून मोजा. आपण म्हणायचं, फसवणूक कळली फळ आलं तेव्हा. तो वाद जिंकायचा तर पहिला मोहोर, पहिलं फळ, तारखेसकट फोटो, कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा, सगळं हवं. म्हणून वही ठेवा.

त्या बाईचं काय झालं, असं तुम्ही विचारणार. गेल्या दोन पावसाळ्यांत तिच्या गावरान झाडांचे शेंडे छाटून, नव्या फुटीवर पाचर कलम बांधायचं काम आपल्या चौघींनी केलं. काड्या शासकीय रोपवाटिकेतून आणल्या, पावती तिच्या नावाची. काही जुळली, काही वाळली. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, आणि त्यातला काही वाटा मी भरते, कारण नंबर मी दिला होता. ती नको म्हणते, तो आमच्यातला वाद आहे.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुम्ही कोणत्या रोपवाटिकेतून, कोणत्या साली, काय मागवलं, किती जगलं आणि फळ काय निघालं, ते जेवणाआधी लिहून जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्याजवळ बसा, मी लिहून घेते.