‘वेल’ म्हणजे विहीर?
(भाट्ये येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मागच्या महिन्यात इथल्याच दोन मुलांना मी खोकल्याच्या औषधाची बाटली वाचायला दिली. वर छापलं होतं, ‘शेक वेल बिफोर यूज’. आठवीतल्या मुलीने धडाधड वाचलं. अर्थ विचारला तर म्हणाली, “वेल म्हणजे विहीर ना, सर?” दुसरा सहावीतला, उर्दू शाळेतला. त्याने एकेक अक्षर लावलं, पण वाचून होताच बाटली हलवून दाखवली. हाच मुलगा स्कूलला ‘इस्कूल’ म्हणतो आणि तोंडी परीक्षेत गुण गमावतो. ‘आपल्याला इंग्रजी जमत नाही’ असं त्याने ठरवूनच टाकलंय. उद्या शाळा सोडून बोटीवर गेला, तर कारण हेच सांगेल.

उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनाने भरतो. असा मुलगा इंग्रजी शब्दापाशी थबकला, तर लगेच त्याला ढ म्हणू नका.

राज्यात २००० सालापासून सगळ्याच माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण आपण मोजतो काय? पाठ केलेला निबंध. दहावीला लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २० गुण. २०१९ला हे २० गुण काढले, तर राज्याचा निकाल ८९.४१वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही तेव्हा नवा होता, हे मान्य. तरी त्या वीसात मुलांची भाषा किती आणि शाळेचा उदारपणा किती, हा प्रश्न उरतोच.

‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीची रीत मला पटते. घरी जाऊन मुलाला आधी अक्षरं, मग शब्द, मग सोपी वाक्यं वाचायला देतात. वाचता आलं की अर्थ विचारतात, आणि तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. आपल्या घरांत तर कोकणी बोलीतच सांगू द्या.

हे रविवारी मोहल्ल्यात तुम्हीही करू शकता. एका मुलाला पंधरा मिनिटं पुरतात. पुस्तकाबाहेरचा मजकूर द्या: औषधाचं लेबल, बसची पाटी. तोंडी एखादी सूचना द्या, तो ती करतो का बघा. आजच्या दिवसावर तीन ओळी लिहायला सांगा. मध्येच चुका सुधारू नका, तो गप्प होईल. तारीख टाकून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा घ्या आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. शेजारच्या अम्मीला मात्र काही कळवू नका!

वह्या मागच्या टेबलावर आहेत. जाताना एकेक घेऊन जा.