रजनीची आठवण



संयोजकांनी ‘आवडती व्यक्ती’ हा विषय दिला आणि वेळ दिली पाच मिनिटं. मी अभिनेत्री प्रिया तेंडुलकर यांच्याविषयी बोलणार आहे.

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘रजनी’ सुरू झाली, तेव्हा आपण पहिली-दुसरीत होतो. नायिका एक साधी गृहिणी. गॅस सिलिंडर असो की टॅक्सी, अडवणूक दिसली की ही जाब विचारणार. टॅक्सीचालकांवरचा भाग इतका झोंबला, की मुंबईत त्यांनी निषेध केला. पुढच्याच वर्षी देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. मालिकेमुळे झाला असं मी म्हणत नाही, पण काळ तो होता. कुणी बाई रेशनच्या रांगेत तावातावाने बोलली, की आमच्या वाड्यात म्हणत, “आली मोठी रजनी!” त्यात चेष्टा होती आणि थोडा धाकही होता.

प्रियाताई नाटककार विजय तेंडुलकरांच्या कन्या. पण त्यांनी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरीही केली होती. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये त्या होत्या. मराठीत त्यांनी उत्तम कथा लिहिल्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचा संग्रह मिळाला तर जरूर वाचा. आपली दहावी झाली त्या सुमाराला ‘हम पाँच’ आली. त्यात त्या भिंतीवरच्या फोटोतली स्वर्गवासी बायको होत्या आणि तिथूनही नवऱ्याला सुनावत होत्या! पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम केला. रजनी सगळ्यांच्या वतीने बोलायची; इथे माईक लोकांच्याच हातात गेला. मला त्यांचा हा प्रवास फार आवडतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज तक्रारी वाचते. “चालत नाही” एवढंच लिहिलं असेल तर काही करता येत नाही. कुठे, केव्हा, काय केल्यावर बिघडलं हे कळलं, की निम्मं काम झालं. तक्रार करणारा माणूस भांडखोर नसतो, तो आपलं काम सोपं करत असतो, हे मी नव्या मुलांना सांगते. सांगताना डोळ्यांसमोर रजनी असते.

१९ सप्टेंबर २००२ रोजी प्रियाताई हृदयविकाराने गेल्या. त्याआधी त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजल्या होत्या. वय अवघं ४७. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकींचं आज तेच वय आहे. मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांच्या तक्रारी आपण तत्परतेने सोडवतो. स्वतःच्या शरीराची तक्रार मात्र “बघू दिवाळीनंतर” म्हणून मागे टाकतो. तीही नोंदवा, नेमकी सांगा आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांना प्रश्न विचारत राहा.

पुढच्या मेळाव्याला मला तुम्ही सगळ्या इथे हव्या आहात.