यंत्र थांबण्यापूर्वीची वर्दी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना तो फार किरकोळ वाटला असेल. संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा, म्हणजे ज्याला सगळे अपडेट म्हणतात ते, करावयाचे आहे. त्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागणार आहे. तर ते वापरणाऱ्याला आधी सांगावे की नाही, एवढाच प्रश्न. पण कामगार चळवळीत आमचे केस पिकले, आणि तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. मोठे तंटे पुष्कळदा मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. ‘आम्हांला आधी सांगितले का नाही?’ या एका प्रश्नावरून ते होतात.

सिंदीच्या नावालाच रेल्वे जोडलेली आहे. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली, तेव्हापासून हा लोहमार्ग आपल्या उशाशी आहे. त्यामुळे रूळ दुरुस्त कसे करतात, हे येथल्या माणसाला निराळे सांगावयास नको. दुरुस्तीवाले मनात येईल तेव्हा रूळ उखडीत नाहीत. आधी ‘ब्लॉक’ मागावा लागतो, त्याची वेळ ठरते, आणि ती मिळाल्याशिवाय कोणी हातोडा उचलीत नाही. मुंबईचा रविवारचा मेगाब्लॉक घ्या. लोक त्याच्या नावाने बोटे मोडतात, परंतु आदल्या दिवशीच वर्तमानपत्रात सगळे छापून येते: कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या गाड्या कोणत्या मार्गाने वळवल्या. ज्याला लग्नाला जावयाचे आहे तो एक तास आधी निघतो. त्रास होतो, पण फसवणूक होत नाही. त्रास आणि फसवणूक यांतला हा भेद आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. कापसाचा हंगाम होता. एका वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागलेली. काट्यावरच्या मुलाने सकाळी पडद्यावर ‘अपडेट’ असे पाहिले आणि मान्य केले. त्यात गैर काही नव्हते. दुपारी ऐन गर्दीत यंत्र आपोआप बंद झाले, आणि पडद्यावर एक चक्र फिरू लागले. ‘संगणक बंद करू नका’ एवढेच तेथे लिहिलेले. किती वेळ, ते नाही. पाऊण तास वजन थांबले. उन्हात ताटकळलेल्या शेतकऱ्यांचा राग कोणावर निघाला? ज्यांनी तो प्रोग्रॅम बनवला ते हजारो मैलांवर. शिव्या खाल्ल्या त्या रोजंदारीवरच्या पोराने. सगळ्यांत कमी अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच पदरात सगळा दोष पडला. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

आता हे बंद करून सुरू करणे लागते तरी का? संगणकाचे प्रोग्रॅम तबकडीवर साठवलेले असतात. जणू कपाटातल्या फायली. काम सुरू झाले की त्यांची एक प्रत यंत्राच्या स्मृतीत, म्हणजे मेजावर येते आणि यंत्र त्या प्रतीवरून चालते. अपडेटने कपाटातली फाईल बदलली, तरी मेजावरची प्रत जुनीच राहते. किरकोळ प्रोग्रॅम असेल तर तेवढाच बंद करून पुन्हा उघडला की भागते. परंतु सगळ्या यंत्राची मुकादमी करणारा जो मूळ गाभा असतो, तो बदलावयाचा म्हणजे धावत्या गाडीखालचा रूळ बदलण्यासारखे. तेव्हा मेज पुरते आवरून कामाला नव्याने आरंभ करावा लागतो. आणि मेज आवरताना त्यावर आपला अर्धा लिहिलेला, न साठवलेला अर्ज असेल, तर तोही जाण्याची भीती असते. लिनक्स नावाच्या प्रणालीत चालू यंत्रातच गाभ्याची काही दुरुस्ती करण्याची सोय २०१५ साली आली. पण प्रत्येक दुरुस्ती तशी होत नाही.

तेव्हा यंत्र थांबवावे लागते, ही गोष्ट आम्हांला मान्य आहे. प्रश्न वर्दीचा आहे. यावर कोणी म्हणेल, ‘बनवणाऱ्यालाच आधी ठाऊक नसते, तो काय सांगणार?’ हे खरे नाही. विंडोज या प्रणालीच्या अपडेटवर बनवणाऱ्याचीच एक खूण असते, आणि तिच्या तीन तऱ्हा आहेत: रीस्टार्ट कधीच लागणार नाही, नेहमी लागेल, कदाचित लागेल. म्हणजे माहिती यंत्राच्या पोटात आहे. ती ओठांवर आणली पाहिजे, आणि माणसाने ‘होय’ म्हणण्याच्या आधी आणली पाहिजे. नंतर सांगणे ही वर्दी नव्हे, ती वसुलीची नोटीस झाली. विंडोजमध्ये २०१६ साली ‘कामाच्या वेळा’ ठरवून देण्याची सोय आली, त्या वेळांत यंत्र आपण होऊन बंद पडू नये म्हणून. सोय चांगली. पण ठरीव वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ५ अशी होती. कचेरीच्या बाबूला ती पुरेल. हंगामात रात्री दहापर्यंत चालणाऱ्या काट्याला ती कशी पुरावी?

आता दुसरी बाजूही ऐका, नाही तर आमचे भाषण एकांगी होईल. वर्दीशिवाय यंत्र बंद पडण्याला कंटाळून पुष्कळ लोक अपडेटच बंद करून टाकतात. हा मार्ग घातक आहे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. १२ मे रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. इंग्लंडातील इस्पितळांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. पुढे २७ जूनला दुसरा उपद्रव आला, ‘नॉटपेट्या’. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट हेच भगदाड होते. तो आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचला आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने थंड पाडले. ज्या बंदराच्या नावाने आपल्या सिंदीच्या शिवारात कोरड्या बंदराची आखणी झाली, तेच हे बंदर. म्हणून ही दूरदेशीची कथा समजू नका. दुरुस्ती हवीच. पण ज्या दुरुस्तीवर लोकांचा विश्वास नाही ती लोक होऊ देत नाहीत, आणि विश्वास वर्दीने येतो, सक्तीने येत नाही.

कामगारांनी हा धडा पूर्वीच गिरवला आहे. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा संघटनांनी झगडा केला, आणि १९८३ साली यंत्रीकरणाविषयी मालकांशी करार केला. यंत्रे आली, पण बोलून आली. कायद्यातही हे तत्त्व आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने ९-अ हे कलम आले. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा अशा ठराविक बाबींत बदल करावयाचा, तर मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असे ते सांगे. तो कायदा आता गेला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण २१ दिवसांची ती नोटीस नव्या संहितेतही राहिली आहे. संगणकाच्या अपडेटला हे कलम लागत नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही त्यातले तत्त्व तेवढे उचलतो: ज्याच्या कामात बदल होणार, त्याला बदलापूर्वी कळले पाहिजे.

मग मागावयाचे काय? चारच गोष्टी. अपडेट घेण्यापूर्वी, रीस्टार्ट लागेल की नाही ते स्पष्ट शब्दांत सांगा. अंदाजे किती मिनिटे लागतील ते सांगा. वेळ निवडण्याचा हक्क वापरणाऱ्याला द्या. दुरुस्ती तातडीची असेल तर शेवटची मुदत सांगा आणि तिचे कारणही सांगा. आणि हे सगळे मराठीत सांगा. काट्यावरच्या पोराला कळेल अशा मराठीत.

यांतले काही बनवणाऱ्या कंपन्यांच्या हाती आहे, पण सगळे नाही. ज्यांच्या कचेरीत, सोसायटीत, जिनिंगमध्ये संगणक आहेत, अशी पुष्कळ मंडळी समोर बसली आहेत. विंडोजच्या दुरुस्त्या सहसा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणजे त्या आठवड्यातली एक सायंकाळ आपणांस आधीच ठरवून ठेवता येईल. दारावर एक पाटी लावा: ‘आज सायंकाळी ६ नंतर संगणकाची दुरुस्ती, काम उद्या सकाळी.’ खडू आणि फळी, एवढाच खर्च. शेतकरी ती वाचील, गाडी उद्या जुंपील, आणि तुमच्या नोकराला शिवी देणार नाही.

यंत्राला विसावा लागतो, तसा माणसालाही लागतो. पण माणूस रजेचा अर्ज आधी देतो. यंत्रानेही तो द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.