दहावा गडी



अमेरिकेंत एखाद्या कुटुंबांत पाहुणा म्हणून राहण्याचा योग आला, तर जेवतांना राजकारण आणि धर्म हे दोन विषय काढूं नयेत, असें जाणते लोक सांगतात. त्या यादींत तिसऱ्या एका विषयाची भर घालावयास हरकत नाहीं. तो विषय म्हणजे बेसबॉलच्या खेळांतील 'डेसिग्नेटेड हिटर'. तिकडे त्याला नुसत्या 'डी. एच.' या दोन अक्षरांनीं ओळखतात. आपण त्याला नियुक्त फलंदाज म्हणूं. १९७३ सालीं हा नियम अर्ध्या संघांना लागू झाला. २०२२ सालीं तो सर्वांना लागू झाला. मधल्या एकोणपन्नास वर्षांत त्याच्यावरून जितका वाद झाला, तितका खेळाच्या दुसऱ्या कोणत्याहि कलमावरून झाला नसेल. आणि हरलेला पक्ष अजूनहि आपला दावा सोडावयास तयार नाहीं.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाहीं, म्हणून दोन शब्द खेळाविषयीं. प्रत्येक बाजूला नऊ गडी असतात आणि नऊ डाव होतात. फलंदाजीचा क्रम सामन्यापूर्वीं लिहून द्यावयाचा, आणि मग शेवटपर्यंत तोच चालावयाचा. नववा झाला कीं पुन्हां पहिला. आपल्या क्रिकेटमध्यें बाद झालेला गडी तंबूंत जाऊन पॅड सोडतो आणि त्या डावापुरता मोकळा होतो. बेसबॉलमध्यें त्याच गड्याला चार-पांच वेळां तरी बॅट घेऊन उभें राहावें लागतें. आणखी एक अट आहे. एकदां खेळांतून काढलेला गडी त्या सामन्यांत परत येऊं शकत नाहीं. ही अट कृपा करून ध्यानांत ठेवावी, कारण पुढचें सगळें भांडण तिच्याच पायावर उभें आहे.

या नऊ जणांत चेंडू फेकणारा जो, तो पिचर. साठ फूट सहा इंच अंतरावरून, तासाला नव्वद-पंचाण्णव मैल वेगानें, कधीं वळवून, कधीं बुडवून, तो चेंडू फेकतो. ही विद्या इतकी कठीण आहे, कीं तिच्यापुढें दुसरें कांहीं शिकावयास त्याला सवड उरत नाहीं. त्यांतून आरंभीं उतरणारा पिचर पांच दिवसांनीं एकदां खेळतो. तेव्हां बॅट हातीं धरण्याचा सराव तो कोठून आणणार? चांगला फलंदाज शंभर प्रयत्नांत सत्तावीस-अठ्ठावीस वेळां चेंडू टोलवून बेस गांठतो. २०२१ सालीं सर्व पिचर मंडळींचें प्रमाण शंभरांत सुमारें अकरा होतें. आपल्या अकराव्या नंबरच्या गड्याची पाळी डावाच्या अगदीं शेवटीं येते, पुष्कळदां येतहि नाहीं. पण पिचरची पाळी दर नऊ माणसांनीं हटकून यावयाची. या पिचरनें चेंडू फेकावा, परंतु त्याच्या वांट्याची फलंदाजी एका दहाव्याच गड्यानें करावी, आणि त्या दहाव्यानें क्षेत्ररक्षण मात्र मुळींच करूं नये, एवढाच काय तो नियम.

ही कल्पना १९७३ सालीं एकाएकीं उगवली असें नव्हे. फिलाडेल्फियाच्या संघाचे चालक कॉनी मॅक यांनीं १९०६ सालींच ती मांडली होती. व्यावसायिक बेसबॉलमध्यें दोन लीग आहेत. नॅशनल लीग १८७६ सालची, आणि अमेरिकन लीग १९०१ पासूनची. पुढें १९२८ सालीं नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनीं हीच सूचना आणली, आणि त्या वेळीं ती अमेरिकन लीगनें झिडकारली! म्हणजे ज्या घराण्यानें पुढें ती सून म्हणून घरांत घेतली, त्यानेंच आधीं तिला नाकारलें होतें, आणि जें घराणें मागणी घालीत होतें, तेंच पुढें पन्नास वर्षें तिच्या नांवानें बोटें मोडीत राहिलें. घराण्याच्या परंपरेचा फार अभिमान बाळगणाऱ्या पक्षानें ही हकीकत सोयीस्करपणें विसरावी, यांत नवल नाहीं.

मग १९७३ सालींच काय झालें? त्याचें मूळ १९६८ सालांत आहे. त्या वर्षीं पिचर मंडळींनीं फलंदाजांना अक्षरशः त्राहि भगवन् करून सोडलें. अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम फलंदाज कार्ल यस्त्रेम्स्की, त्याची सरासरी हजारांत तीनशें एक. फलंदाजीचा मुकुट इतक्या कमी सरासरीवर कोणींहि मिळविलेला नाहीं. दुसऱ्या वर्षीं पिचरच्या पायांखालचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला. तरीहि अमेरिकन लीगच्या सामन्यांना नॅशनल लीगपेक्षां प्रेक्षक कमीच. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली हे मोठे हिकमती गृहस्थ. रात्रीं दिसावा म्हणून चेंडू नारिंगी रंगाचा करा, असेंहि ते म्हणत. त्यांनीं नियुक्त फलंदाजाचा पिच्छा पुरविला. जानेवारी १९७३ मध्यें अमेरिकन लीगच्या बारा मालकांपैकीं आठांनीं होकार दिला, आणि तीन वर्षांच्या प्रयोगासाठीं म्हणून नियम आला.

६ एप्रिल १९७३ रोजीं बॉस्टन येथें न्यूयॉर्क यांकीज संघाचा रॉन ब्लोमबर्ग हा पहिला नियुक्त फलंदाज म्हणून उभा राहिला. तिन्ही बेसवर माणसें होतीं. समोरच्या पिचरचे चार चेंडू बाहेर गेले; ब्लोमबर्ग पायीं चालत पहिल्या बेसवर गेला, आणि एक धांव आपोआप मिळाली. फलंदाजीसाठीं खास नेमलेल्या माणसानें पहिल्या खेपेस केलें तें एवढें! त्याची ती बॅट मात्र कूपर्सटाउनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे.

आतां वादाकडे वळूं. नियमाच्या विरुद्ध असलेल्यांचें पहिलें म्हणणें सरळ आहे. नऊ गड्यांचा खेळ नऊ गड्यांनींच खेळावा. जो मैदानांत उतरेल त्यानें चेंडूहि अडवावा आणि बॅटहि धरावी. हें ऐकावयास गोड लागतें, परंतु माझ्या मतें त्यांच्या भात्यांतला हा सर्वांत बोथट बाण आहे. खरा धारदार बाण वेगळाच.

अशी कल्पना करा, कीं सातवा डाव चालू आहे. आपला संघ एका धांवेनें मागें आहे. आपल्या पिचरचा हात आज उत्तम बसला आहे. सहा डावांत त्यानें प्रतिपक्षाला दोनच धांवा करूं दिल्या. दोन गडी बाद झाले आहेत, दोन बेसवर उभे आहेत, आणि पाळी नेमकी या पिचरचीच. मॅनेजरनें काय करावें? त्यालाच उभें करावें, तर हातची संधि बहुधा फुकट जाणार. त्याच्याऐवजीं दुसरा फलंदाज पाठवावा, तर कदाचित् दोन धांवा मिळतील. पण हा पिचर आजच्यापुरता गेला तो गेलाच, आणि उरलेले डाव कमी प्रतीच्या पिचरकडून निभावून न्यावे लागतील. समोरचा मॅनेजरहि स्वस्थ बसलेला नसतो. आठव्या क्रमांकाचा फलंदाज चांगला असला, तर त्याला मुद्दाम फुकट बेस देऊन पिचरला पुढें आणण्याचा डाव त्यानें आधींच टाकलेला असतो. शिवाय नवा पिचर आणतांना एक क्षेत्ररक्षकहि बदलून दोघांच्या जागांची अदलाबदल करावयाची, म्हणजे पिचरची पाळी लांब पडते. ही 'डबल स्विच' नांवाची युक्ति तर प्रेक्षकांच्या फार आवडीची. स्टँडमध्यें बसलेला मनुष्य हातांत पेन्सिल आणि गुणपत्रक घेऊन हीं गणितें मॅनेजरच्या आधीं सोडवीत असे, आणि मॅनेजर चुकला तर शेजाऱ्याला तसें सांगण्याचा हक्क बजावीत असे. नियुक्त फलंदाज आला आणि हा पेंच जवळजवळ नाहींसा झाला. पिचर दमेपर्यंत ठेवा, दमला कीं काढा.

याला नियमाच्या पुरस्कर्त्यांचें उत्तर असें, कीं असा पेंच सामन्यांत एखाद्या वेळीं यावयाचा. एरवीं काय पाहावयास मिळतें? बॅट तीनदां हवेंत फिरवून मान खालीं घालून परत जाणारा मनुष्य. तिकिटाचे पैसे त्यासाठीं द्यावयाचे काय? आणि पुष्कळ वेळां तो पेंच तरी कसला! पिचरला बंट करावयास लावायचें, नाहींतर बदलायचें, हें गॅलरींतल्या पोरालाहि कळतें. हा मुद्दा खोटा नाहीं. दुखापतीचा मुद्दा तर त्याहून वजनदार आहे. जून २००८ मध्यें यांकीजचा तैवानी पिचर चिएन-मिंग वांग हा ह्यूस्टन येथें नॅशनल लीगच्या नियमाप्रमाणें खेळतांना बेसवरून धांवला, त्याचा पाय दुखावला आणि त्या वर्षाचा खेळ तेथेंच संपला. त्यापूर्वींच्या दोन वर्षांत एकोणीस-एकोणीस सामने जिंकणारा हा पिचर पुन्हां त्या उंचीवर चढला नाहीं. २०१५ सालीं सेंट लुईसचा ॲडम वेनराइट याची टांचेची शीर बॅट फिरवून पळावयास निघतांनाच तुटली.

पण उलट बाजूच्या आठवणीहि कमी नाहींत. १९७१ च्या जून महिन्यांत फिलाडेल्फियाच्या रिक वाइजनें सिनसिनाटीच्या संघाला एकहि यशस्वी टोला मारूं दिला नाहीं, आणि त्याच सामन्यांत स्वतः दोन होम रन केल्या. मे २०१६ मध्यें बार्टोलो कोलोन या बेचाळीस वर्षांच्या, सुटलेल्या पोटाच्या पिचरनें आयुष्यांतील पहिली होम रन केली, तेव्हां त्याचे सोबती हर्षानें वेडे झाले. हा आनंद आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९४६ सालीं ओव्हलवर सरे संघाविरुद्ध आपले सरवटे आणि बॅनर्जी, दहावा आणि अकरावा गडी, यांनीं शेवटच्या जोडीस २४९ धांवा केल्या, दोघांनींहि शतकें काढलीं. ज्याच्याकडून कांहीं अपेक्षा नाहीं, त्यानें दिलेलें दान मोठें वाटतें. ज्या चंद्रशेखरचे कसोटींतील बळी २४२ आणि धांवा अवघ्या १६७, तो फलंदाजीस निघाला कीं घराघरांत जें कौतुकमिश्रित हसें पिकत असे, तेंहि खेळाचेंच सुख होतें.

येथें एका गोष्टीचा विचार मात्र दोन्ही पक्ष क्वचितच करतात, आणि ती म्हणजे त्या दहाव्या गड्याची स्वतःची स्थिति. सिॲटलचा एडगर मार्टिनेझ पाहा. त्याच्यासारखा निष्णात फलंदाज त्या काळांत विरळा. नियुक्त फलंदाजांना दरवर्षीं मिळणाऱ्या पारितोषिकालाच पुढें त्याचें नांव दिलें गेलें. तरी कूपर्सटाउनच्या मानकरी मंडळांत त्याची निवड व्हावयास दहा वर्षें लागलीं. दहावें वर्ष हें नियमाप्रमाणें शेवटचें. २०१९ सालीं ती निवड झाली नसती, तर त्या मतदानांतून त्याचें नांव कायमचें गेलें असतें. हा अर्धाच खेळाडू, असें म्हणणारे मतदार होते. नियमानें ज्याला अर्धें काम नेमून दिलें, त्यालाच तूं अर्धें काम केलेंस म्हणून कमी लेखावयाचें, हा न्याय मला तरी समजत नाहीं. विरोध नियमाला करावा. त्या माणसाला नव्हे.

नॅशनल लीगनें हा नियम इतकीं वर्षें दूर कसा ठेवला, त्याची एक मौजेची हकीकत सांगतात. १९८० सालीं तिनें मतें घेतलीं. फिलाडेल्फियाच्या प्रतिनिधीला आयत्या वेळीं नवा प्रश्न पडला आणि मालकाला विचारावें असें वाटलें. मालक मासे धरावयास गेलेले, त्यांचा पत्ता लागेना. प्रतिनिधि तटस्थ राहिला, त्याच्या मागोमाग पिट्सबर्गहि तटस्थ राहिलें, आणि चार विरुद्ध पांच मतांनीं सूचना फेटाळली गेली. त्यानंतर चार दशकें दोन लीगांत दोन नियम चालले. अंतिम मालिकेंत कधीं वर्षाआड, पुढें ज्याचें मैदान त्याचा नियम, अशी तडजोड. मला हीच व्यवस्था सर्वांत रुचत असे. एकाच देशांत दोन पंथ सुखानें नांदत होते, आणि ज्याला जो खेळ आवडे तो त्यानें पाहावा. परंतु १९९७ पासून दोन्ही लीगांचे संघ एकमेकांशीं हंगामांतच खेळूं लागले, २०१३ पासून तर रोजच. तेव्हां भिंत पडणारच होती. २०२० च्या महामारींत एक वर्ष नियम सर्वत्र लागला, आणि मार्च २०२२ च्या करारानें कायम झाला.

आपल्याकडेहि २०२३ पासून इंडियन प्रीमियर लीगमध्यें 'इम्पॅक्ट प्लेअर' आला आहे. गोलंदाज बसवून फलंदाज उतरविण्याची मुभा त्यानें मिळाली, आणि बाराव्या माणसामुळें अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटते, असें खुद्द रोहित शर्मानें २०२४ सालीं उघडपणें सांगितलें. अमेरिकेंतील हें भांडण आपल्या दिवाणखान्यांत येऊन पोंचलें तें असें.

आणि गंमत पाहा. पिचरला फलंदाजींतून कायमची सुटी दिली, त्याच २०२२ सालीं एक पोटकलम जोडावें लागलें. शोहेइ ओहतानी हा जपानी खेळाडू दोन्हीं कामांत पारंगत. पिचर म्हणून बाहेर पडल्यावरहि त्याला नियुक्त फलंदाज म्हणून खेळतां यावें, अशी सोय त्या कलमानें केली. २०२४ सालीं हाताच्या शस्त्रक्रियेमुळें त्यानें चेंडू फेकलाच नाहीं. केवळ नियुक्त फलंदाज म्हणून ५४ होम रन केल्या आणि लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. १७ ऑक्टोबर २०२५ च्या रात्रीं, लॉस एंजलिसच्या मैदानावर, त्यानें सहा डाव एकहि धांव न देतां दहा फलंदाजांना परत पाठविलें, आणि त्याच सामन्यांत तीन होम रन केल्या. जुन्या मताचे लोक म्हणतात, पाहा, पिचरला फलंदाजी येते. नव्या मताचे म्हणतात, नियमानेंच त्याला जागा करून दिली.

त्याच्या मायदेशींहि दोन लीग आहेत. पॅसिफिक लीगनें हा नियम १९७५ सालींच घेतला. सेंट्रल लीग पन्नास वर्षें अडून बसली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्यें तिनेंहि २०२७ च्या हंगामापासून तो घेण्याचें जाहीर केलें, आणि टोकियो-ओसाकाकडील जेवणाच्या टेबलांवर आतां हाच वाद रंगला आहे.